बदललेली गाडी आणि जुनं वचन : इंजिनाचं रिमॅपिंग आणि वॉरंटी

मागच्या खेपेला आपण वचन म्हणजे काय, ते कुणाला बांधतं आणि कधी सुटतं, याचा विचार केला. शेवटी एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, हे सगळं रोजच्या व्यवहारात कुठे लागतं?" त्याचं उत्तर आज द्यायचं आहे, आणि त्यासाठी आम्ही विषय निवडलाय मोटारगाडीच्या इंजिनाचा कॉम्प्युटर. हसू नका. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, गाडीचं बॉनेट उघडायची वेळ फारशी आली नाही. पण घरातच एक प्रसंग घडला आणि हा विषय शिकून घ्यावा लागला.

आमचा एक भाचा पुण्यात नोकरीला आहे. त्याने टर्बो डिझेल गाडी घेतली. वॉरंटी शिल्लक असतानाच एका ट्यूनरकडून तिचं 'रिमॅप' करून घेतलं. पिकअप वाढला, स्वारी खूश. आठेक महिन्यांनी खंबाटकी घाट चढताना गाडीने दम टाकला. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागला, वेग वाढेना. गाडी कशीबशी कडेला घेतली आणि आधी ट्यूनरला फोन केला. तो म्हणाला, "सर्व्हिस सेंटरला नेण्याआधी माझ्याकडे आणा. जुना प्रोग्रॅम परत टाकून देतो. कुणाला काही कळणार नाही." मग भाच्याने आम्हाला फोन लावला. "मामा, काय करू?"

प्रश्न नीतीचा होता. पण वस्तू काय आहे हे कळल्याशिवाय नीतीचं उत्तर देता येत नाही. तेव्हा आधी वस्तू समजून घेऊ.

पूर्वीच्या गाडीत कार्ब्युरेटर होता, मेकॅनिक स्क्रू पिळून हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवायचा. आज ते काम एक छोटा कॉम्प्युटर करतो, त्याला ईसीयू म्हणतात. इंजिनाचे फेरे किती, आत हवा किती येते आहे, पाणी किती तापलंय, तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय, धुरात प्राणवायू किती उरलाय, हे सगळं त्याला सेन्सर सांगतात. त्यावरून तो ठरवतो की इंधन किती सोडायचं, नेमकं कधी सोडायचं, पेट्रोल गाडीत ठिणगी कधी टाकायची आणि टर्बोने हवेचा दाब किती चढवायचा. हे ठरवायला त्याच्याजवळ तक्ते असतात. आपण शाळेत पाढ्यांचा तक्ता वापरायचो ना, तसेच. एका बाजूला फेरे, दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार, आणि दोन्ही जिथे मिळतात त्या चौकटीत एक आकडा. या तक्त्यांना 'मॅप' म्हणतात. ते आकडे बदलणं म्हणजे रिमॅप.

बदल करायच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एक, ईसीयूतला प्रोग्रॅम वाचून, सुधारून परत आत लिहायचा. स्टिअरिंगखाली जो तपासणीचा सॉकेट असतो, त्यातूनही हे पुष्कळदा होतं. दुसरी तऱ्हा 'ट्यूनिंग बॉक्स'ची. ही डबी सेन्सर आणि ईसीयू यांच्या मध्ये बसते आणि खोटं सांगते. डिझेल गाडीत इंधनाच्या नळीतला दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचं ती ईसीयूला कळवते. ईसीयू बिचारा दाब वाढवतो. प्रोग्रॅम तोच राहतो, त्याला मिळणारी माहिती तेवढी खोटी असते. ज्ञानमीमांसा शिकवणाऱ्या माणसाला याहून चांगलं उदाहरण सापडायचं नाही. बुद्धी शाबूत आहे, प्रत्यक्षात दोष आहे, आणि निर्णय चुकतो.

आता कुणीही विचारेल, नुसते आकडे बदलून जर ताकद वाढते, तर कंपनीने ती आधीच का दिली नाही? टर्बो असलेल्या गाडीत वीस-पंचवीस टक्क्यांची वाढ ट्यूनर सहज सांगतात. टर्बो नसलेल्या गाडीत मात्र फारसं काही हाती लागत नाही, कारण तिथे हवा वाढवायची सोयच नसते. मग कंपनीने ही ताकद दडवून ठेवली होती का?

थोडी राखून ठेवली होती, हे खरं आहे. घरात आपण अडीअडचणीला थोडी पुंजी बाजूला ठेवतो, तशी. तीच गाडी मे महिन्यात नागपूरच्या ४५ अंशांत चालायची असते आणि लेहच्या विरळ हवेतही. कुठल्यातरी आडगावच्या पंपावर कसंतरी डिझेल मिळणार असतं. मालक ऑइल बदलायला दोन हजार किलोमीटर उशीर करणार असतो. शिवाय धुराचे नियम पाळायचे असतात. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे भारत स्टेज सहा लागू आहे. १ एप्रिल २०२३ पासून त्याचा दुसरा टप्पा आला, त्यात प्रत्यक्ष रस्त्यावर चालताना होणारं प्रदूषणही मोजलं जातं. हे सगळं सांभाळून तक्त्यातले आकडे ठरतात. ट्यूनर ती राखीव पुंजी खर्चायला काढतो.

पण दुसरीही एक गोष्ट आहे, ती ट्यूनर कमी सांगतात. पुण्याजवळ रांजणगावला पूर्वी बनणारं फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन पुष्कळांना ठाऊक असेल. ते ७५ आणि ९० अश्वशक्ती अशा दोन रूपांत यायचं. लोक म्हणायचे, इंजिन एकच, फरक फक्त प्रोग्रॅमचा. तसं नव्हतं. ७५ वाल्याला साधा टर्बो होता, ९० वाल्याला बदलत्या भूमितीचा. म्हणजे जास्त ताकद हवी तेव्हा कंपनीने लोखंडही बदललं होतं. नुसते आकडे बदलले की लोखंड जुनंच राहतं आणि ओझं नवं येतं. टर्बो अधिक वेगाने फिरतो, धुराचं तापमान चढतं, क्लच घसरायला लागतो, फ्लायव्हील आणि गिअरबॉक्सवर ताण येतो. प्रत्येक वेळी काही मोडतंच असं नाही. नीट मोजमाप करून, बेताने केलेलं काम वर्षानुवर्षं टिकल्याचीही उदाहरणं आहेत. मात्र जी पुंजी वाईट दिवसासाठी होती, ती आता तिथे नसते.

आता वॉरंटीकडे येऊ. वॉरंटी हे वचन आहे, पण सशर्त वचन. कंपनी म्हणते, 'आम्ही जी वस्तू बनवली तिच्यात आमच्या हातून राहिलेला दोष ठरावीक मुदतीत निघाला, तर आम्ही निस्तरू.' यात 'आम्ही बनवली ती' हे शब्द कळीचे. वचन वस्तूला चिकटलेलं आहे, त्यामुळे वस्तू तीच राहिली का, हा प्रश्न येतोच. गाडीच्या वॉरंटी पुस्तिकेत कंपनीच्या परवानगीशिवाय केलेले बदल वगळल्याचं कलम सर्रास असतं. घेताना ते कुणी वाचत नाही. आम्हीही वाचलं नव्हतं.

इथे दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ऐकू येतं, 'रिमॅप केलंत ना, मग वॉरंटी गेली. संपूर्ण.' दुसरं गाडीवेड्या तरुणांत ऐकू येतं, 'बदल केला म्हणून वॉरंटी नाकारताच येत नाही, अमेरिकेत तसा कायदा आहे.' दोन्ही अर्धवट आहेत.

अमेरिकेतला तो कायदा म्हणजे १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा. कंपनीने 'आमच्याच ब्रँडचे सुटे भाग वापरा, नाहीतर वॉरंटी नाही' अशी अट घालू नये, असं तो सांगतो. बाहेरचा भाग बसवला एवढ्यावरून दावा नाकारता येत नाही, त्या भागामुळेच बिघाड झाला हे कंपनीने दाखवायला हवं, अशी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनची भूमिका आहे. पण बदलामुळेच झालेलं नुकसानही कंपनीने भरून द्यावं, असं हा कायदा म्हणत नाही. ते वाक्य लोक सोयीने विसरतात.

आपल्याकडे हा कायदा नाही. पण एक महत्त्वाचा निर्णय आहे. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि दुरुस्तीच्या बाजारावरून १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला. दंडाचा विषय पुढे अपिलात गेला. पण त्या आदेशातला एक विचार आपल्या कामाचा आहे. बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती रद्द व्हावी, असं आयोगाने म्हटलं. आता हे दुरुस्तीबद्दल आहे, ताकद वाढवण्याबद्दल नाही, हा फरक आपण प्रामाणिकपणे मान्य करू. तरी 'जेवढं नुकसान तेवढ्यापुरतं' हे तत्त्व न्यायाला धरून आहे.

पण 'तेवढं' किती हे ठरवायचं कसं? इथे आपली न्यायदर्शनाची परंपरा उपयोगी पडते. कारण कशाला म्हणायचं? जे कार्याच्या आधी असतं, नेमाने असतं आणि अन्यथासिद्ध नसतं, त्याला. हा 'अन्यथासिद्ध' शब्द महत्त्वाचा. कुंभाराच्या घरी माती गाढवावरून आली. मडक्याच्या आधी गाढव होतं, हे खरं. पण गाढव हे मडक्याचं कारण नव्हे. माती दुसऱ्या कशावरून आली असती तरी मडकं झालंच असतं. कुंभाराची काठी मात्र कारण आहे, तिच्याशिवाय चाक फिरत नाही.

आता सर्व्हिस सेंटरच्या बाकावर बसून हीच कसोटी लावा. रिमॅप आधी झालं, नंतर एसीचा कॉम्प्रेसर गेला. इथे रिमॅप म्हणजे गाढव. नुसतं आधी होतं, संबंध नाही. रिमॅपनंतर खिडकीची मोटर गेली, तेही तसंच. पण रिमॅपमध्ये हवेचा दाब वाढवला आणि टर्बो गेला, इंधन वाढवलं आणि पिस्टन वितळला, टॉर्क वाढवला आणि क्लच जळाला, तर तिथे काठीचा संशय घ्यायला जागा आहे. संशय म्हणजे सिद्धता नव्हे. टर्बोला तेल पोचवणारी नळी तुंबली म्हणूनही टर्बो जातो. म्हणून तपासणी लागते आणि तपासणीचा निष्कर्ष लेखी लागतो. काउंटरवरचा माणूस 'वॉरंटी गेली' म्हणतो तेव्हा तो गाढवाला काठी ठरवत असतो. आणि आपण 'रिमॅपचा काय संबंध' म्हणतो, तेव्हा पुष्कळदा काठीला गाढव ठरवत असतो.

आता कायद्याची दुसरी बाजू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये, असं ते सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. परवानगीबाहेरच्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'आम्ही फक्त सॉफ्टवेअर बदललं, पत्रा कुठे कापला?' असं म्हणून सुटका होईल, या भरवशावर राहू नका. गाडीचं मॉडेल बाजारात येण्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ खाली, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, तपासलं जातं. ते प्रमाणपत्र ठरावीक इंजिनाला, ठरावीक ताकदीला आणि ठरावीक धुराला असतं. आकडे बदलले की ते प्रमाणपत्र तुमच्या गाडीबद्दल बोलत नाही.

धुराची गाळणी काढून टाकणं, धूर परत फिरवणारा व्हॉल्व्ह प्रोग्रॅममधून बंद करणं, हे प्रकार तर सरळ इतरांच्या फुप्फुसांशी खेळ आहेत. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची घनता तपासतात, ईसीयूतला प्रोग्रॅम कुणी वाचत नाही. म्हणून पीयूसी मिळालं म्हणजे सगळं ठीक, असं समजू नये. आणि हे फक्त मालकांना नाही, कंपन्यांनाही लागू आहे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये फोक्सवॅगनचं प्रकरण बाहेर आलं. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारा प्रोग्रॅम जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत कंपनीनेच घातला होता. फसवणूक कारखान्यात झाली काय नि गल्लीतल्या गॅरेजात झाली काय, जात एकच.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. जुना प्रोग्रॅम टाकून गुपचूप जावं का?

पहिली गोष्ट व्यवहाराची. 'कुणाला कळणार नाही' हे खात्रीचं नसतं. प्रोग्रॅमवरून गणित करून निघणारा एक पडताळणी क्रमांक असतो, तो कंपनीच्या नोंदीशी ताडता येतो. पुष्कळ ईसीयूंमध्ये प्रोग्रॅम किती वेळा लिहिला गेला याची मोजणी असते, जुना प्रोग्रॅम टाकल्यावर ती आणखी एकाने वाढते. दिवा लागला त्या क्षणीचे आकडेही साठवलेले असतात. अमेरिकेत फोक्सवॅगन-ऑडी गटाने अशा गाड्यांवर 'टीडी१' असा शिक्का मारायची पद्धतच ठेवली आहे, मग देशात कुठल्याही डीलरकडे गेलात तरी तो दिसतो.

दुसरी गोष्ट आमच्या विषयाची. समजा, कळणार नाही. तरी तू जे मागतोस ते काय आहे? कंपनीने तिच्या वस्तूबद्दल वचन दिलं होतं. ती वस्तू तू बदललीस, त्याचा आनंद घेतलास, आणि आता तीच वस्तू आहे असं भासवून वचन वसूल करतोयस. आम्ही त्याला म्हटलं, "अरे, त्या ट्यूनिंग बॉक्सने ईसीयूला जे केलं असतं, तेच तू त्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरला करणार. त्याचा निर्णय चुकेल, कारण तू त्याला खोटं कळवलंस."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, टर्बोचं बिल तुम्ही बघितलं नाहीये." बरोबर होतं त्याचं. खरं बोलायचा सल्ला देणाऱ्याच्या खिशातून पैसे जात नाहीत. आम्ही तसं कबूल केलं. शेवटी निर्णय त्याचा त्याने घेतला, गाडी आहे तशी नेली आणि सांगून टाकलं.

पुढे काय झालं? सर्व्हिस सेंटरने आधी सगळीच वॉरंटी रद्द म्हणून सांगितली. त्यात एसीच्या कॉम्प्रेसरची आधीची तक्रारही अडकली. मग आम्ही दोघांनी मिळून एक साधं पत्र लिहिलं. त्यात तीन गोष्टी होत्या. रिमॅप केल्याचं आम्ही लपवत नाही. टर्बोबद्दल तपासणीचा लेखी अहवाल द्यावा. आणि एसीचा दावा नाकारायचा असेल तर रिमॅपशी त्याचा संबंध काय, ते लेखी कळवावं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. टर्बाइनच्या पात्यांवर अतितापाच्या खुणा होत्या, तेलाची नळी स्वच्छ होती. तो दावा नाकारला, आणि आमच्या कसोटीने तो नाकारणं योग्यच होतं. एसीचा कॉम्प्रेसर मात्र वॉरंटीत बदलून मिळाला. टर्बोचे पैसे भाच्याने भरले, पुढचे चार-पाच महिने जरा ओढाताणीचे गेले.

आता थोडं व्यवहाराचं बोलतो, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या हाती काही लागेल. वॉरंटी चालू असताना रिमॅप करूच नये, हा आमचा सरळ सल्ला. केलं असेल तर इंजिन, टर्बो, क्लच, गिअरबॉक्स यांच्या दुरुस्तीचा खर्च आपला, असं मनाशी धरून पैसे बाजूला ठेवावेत. विमा कंपनीला बदल कळवावा. विम्याचा करार परम सद्भावाचा असतो, तिथे महत्त्वाची गोष्ट लपवणं महागात पडतं. दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागावं. पटलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा, नंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल, तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवायची तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. मात्र त्याच कायद्यात, वस्तूत बदल केलेला असेल तर नुकसानीच्या दायित्वातून विक्रेता सुटू शकतो, हेही लिहिलेलं आहे.

शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न घेतो.

एका ताईंनी विचारलंय, "गाडी माझी, पैसे माझे, मग तिच्यात काय बदल करायचा हे कंपनीने का ठरवावं?" ताई, कंपनी ते ठरवत नाही. मालकी तुमचीच आहे. रस्ता आणि हवा सगळ्यांची, म्हणून तिथे कायदा येतो. आणि वचन कंपनीचं, म्हणून तिथे तिच्या अटी येतात. मालकी पूर्ण असूनही दुसऱ्याचं वचन आपल्या मालकीचं होत नाही.

दुसरा प्रश्न, "वापरलेली गाडी घेताना रिमॅप झालंय का, हे कसं ओळखायचं?" घेण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी करून घ्या, प्रोग्रॅमचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी जुळतो का ते विचारा. आणि विकणाऱ्याला सरळ विचारा, उत्तर लेखी घ्या. आमच्या भाच्याने गेल्या वर्षी ती गाडी विकली. मूळ प्रोग्रॅम परत टाकला होता, टर्बो नवा होता, तरी त्याने घेणाऱ्याला आधीच सगळं सांगितलं आणि बिलं दाखवली. किंमत थोडी कमी आली. घेणाऱ्याचा अधूनमधून फोन येतो म्हणे, गाडी ठीक चाललीय.

पुढच्या व्याख्यानात आपण कर्ज आणि ऋण या दोन शब्दांतला फरक बघू. आज इथेच थांबतो.